भादव्यातली राखण

मारवाडात दुष्काळाला एक नाव पुरत नाही. पीक बुडाले तर तो अकाल, पाणी आटले तर जलकाल, गवत गेले तर तिनकाल. आणि धान्य, पाणी, गवत ही तिन्ही एकाच वर्षी गेली तर त्रिकाल. मराठीत आपण कोरडा आणि ओला असे दोनच दुष्काळ ओळखतो, आणि गवत गेल्याच्या दुष्काळाला सरकारी कागदांतला ‘चाराटंचाई’ हा शब्द लावून मोकळे होतो. ज्या मुलखाचे जगणे जनावरांच्या जिवावर चालले होते, त्याला मात्र गवताच्या दुष्काळासाठी वेगळे नाव लागले. असा तिनकाल पडला की मारवाडचे राईका-रेबारी पशुपालक आणि त्यांच्याबरोबर शेतकरीही आपले कळप हाकत अरवली ओलांडायचे आणि माळव्यात उतरायचे. पुढच्या पावसाळ्याची चाहूल लागेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा आणि मग परत फिरायचे, असा हा पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज. १८६८-६९ च्या मोठ्या दुष्काळात राजपुतान्यातून माळव्याकडे आणि गुजरातकडे माणसांचे आणि गुरांचे असे लोंढे गेले. माळव्यात पावलोपावली पाणी आणि ठायीठायी भाकरी मिळते असा जो लौकिक आजही सांगितला जातो, त्यात गवताचे नाव येत नाही. पण कळप घेऊन आलेला माणूस भाकरीच्या आधी गवत शोधत होता.

या स्थलांतरात एक कोडे आहे. थरच्या वाळूतले सेवण आणि तिकडचेच अंजन ही गवते दुष्काळ सोसण्यात आपल्या देशात पहिल्या रांगेतली. वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तरी सेवणाचे ठोंब जिवंत राहते. उज्जैनच्या काळ्या जमिनीवरचे मारवेल किंवा मुरमाड टेकाडावरचा शेडा या कसोटीला सेवणाच्या मागेच पडेल. मग सर्वांत चिवट गवताच्या देशातली जनावरे त्याहून कमी चिवट गवताच्या देशात आसरा का शोधत होती? माळव्यात पाऊस जास्त, हे सरळ उत्तर आहे आणि ते अर्धे खरे आहे. उज्जैनला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण नुसत्या पावसाने वैरण होत असती तर कोकणासारखा वैरणीचा मुलूख दुसरा नसता. कोकणात याच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, श्रावणात कातळावरही गवत उभे राहते, आणि तरी माघात तिथली गुरे वाळलेल्या काड्या चघळत हिंडतात. तेव्हा पाऊस किती पडला एवढ्यावर हिशेब मिटत नाही. पडलेला पाऊस वैशाखापर्यंत कोणी आणि कुठे सांभाळून ठेवला, हा खरा प्रश्न आहे. माळव्यापुरते त्याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते असे मला वाटते. एक जमिनीखाली, गवताच्या मुळांत. दुसरे जमिनीवर, माणसांनी पाळलेल्या राखणीच्या रिवाजात. आणि पहिले दुसऱ्यावाचून टिकत नाही.

आधी जमिनीखालचे पाहू. उज्जैनचा नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा तिथल्या गवताला आठ महिन्यांचा कोरडा काळ काढावा लागतो. अवर्षण हा इथल्या गवताला अपघात नाही, तो त्याचा दरवर्षीचा ऋतू आहे. त्यातून जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. या ओढाताणीत नाजूक मुळे तुटतात. इथे टिकते ते मारवेल, जे आपले पेर जमिनीलगत ठेवते आणि प्रत्येक पेराला मुळे फोडते; किंवा मुशेल, ज्याला पाणथळ काळी जमीन मानवते. जिथे काळी माती पातळ होऊन मुरूम वर येतो तिथे शेडा (काही भागांत त्यालाच पवना म्हणतात) आणि कुसळी. कुसळीचे बी तर शेतकऱ्याला चांगलेच माहीत असते. धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला ते चिकटते. त्याच्या टोकाचे लांब कुसळ ओल मिळाली की उलगडते, वाळले की पीळ घेते, आणि या पिळाने बी हळूहळू जमिनीत शिरते. स्वतःची पेरणी स्वतः करणारे हे गवत आहे. १९७३ साली पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ आच्छादनाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शेडा-मारवेल या जोडीच्या नावाने एक मोठा पट्टा दाखवला आहे. तो सुमारे १७ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सगळा द्वीपकल्पीय भारत. माळवा आणि महाराष्ट्राचे पठार त्यात एकाच रंगात येतात. गवताच्या नकाशावर विंध्य-सातपुड्याची सीमा नाही.

या बहुवर्षायू गवतांचे जगण्याचे गणित भादव्याभोवती फिरते. पावसाच्या पहिल्या महिन्यात ठोंबातून जी हिरवी पाती निघतात ती आदल्या वर्षीच्या साठ्यावर निघतात. म्हणजे आषाढात गवत कर्ज काढून वाढत असते. श्रावण-भादव्यात पाती ऊन खाऊन ते कर्ज फेडतात. फुलोरा येऊन बी धरले की पानांतला उरलेला कस खाली उतरू लागतो आणि ठोंबाच्या बुडात, मुळांत साठतो. वरचे वाळून पिवळे पडले तरी खालची पुंजी शाबूत असते. मग आठ महिने पाऊस नाही, नंतरचा पावसाळाही उशिरा आला, तरी ते ठोंब कोंब फोडते. पण भादव्याच्या आत तेच गवत दोनदा-तीनदा जनावराच्या तोंडी गेले, तर प्रत्येक वेळी नवी पाती काढण्यासाठी ते खालच्या पुंजीला हात घालते. दोन-तीन वर्षे हेच होत राहिले की मुळे आखूड होतात, ओलीपर्यंत पोचत नाहीत, आणि मग साधा पावसाचा खंडही त्याला मारतो. चराईचा ताण वाढत गेला की शेडा-मारवेलाची जागा आधी कुसळीसारखी कमी प्रतीची गवते घेतात आणि शेवटी एका पावसापुरती उगवून मरणारी तणे उरतात, हा उतरता क्रम दाबडघावांच्या पाहणीतही स्पष्ट आहे. माती तीच, पाऊस तोच. एका बांधाच्या दोन बाजूंना, एका बाजूला राखलेले आणि दुसऱ्या बाजूला मोकळे सोडलेले रान असेल, तर दुष्काळ सोसणारे गवत एकाच बाजूला असते. म्हणून मी म्हणतो की दुष्काळ सोसण्याची ताकद ही गवताच्या जातीची जन्मखूण आहे असे समजणे अपुरे आहे. जात ती ताकद देऊ करते. भादव्यातली राखण ती प्रत्यक्षात आणते.

ही राखण फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात नांगराखाली न येणाऱ्या जमिनीवर जनावरांसाठी कुरणे करावीत असे सांगितले आहे. त्यासाठी त्याचा शब्द आहे ‘विवीत’, आणि त्यावर देखरेख करणारा स्वतंत्र विवीताध्यक्ष. मौर्यांच्या काळात उज्जयिनी पश्चिमेकडच्या प्रांताचे ठाणे होती आणि राजा होण्यापूर्वी अशोक तिथे कारभार पाहत होता. मनुस्मृतीत गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा जनावरांसाठी मोकळा ठेवण्याचा नियम येतो, आणि याज्ञवल्क्य नगरासाठी तो चारशे धनुष्यांपर्यंत नेतो. नियम लिहिला म्हणजे तो पाळला गेलाच असे नाही, हे मान्य. पण नियम करावासा वाटला याचा अर्थ नांगर आणि जनावर यांच्यात जमिनीवरून ओढाताण तेव्हाही होती, आणि ती सोडवण्याची जबाबदारी राज्यव्यवस्थेची मानली जात होती. माळव्यात पुढे दोन शब्द रूढ झाले. गावाच्या सामाईक चराईला चरनोई, आणि पावसाळाभर बंद ठेवून नंतर कापायच्या गवताळ रानाला बीड. आपल्याकडचे गायरान आणि कुरण या जोडीशी ती तंतोतंत जुळते. गायरानावर जनावर जाते. कुरणात विळा जातो, आणि तोही वेळेवर.

मराठे माळव्यात आले ते कुरणाचे महत्त्व जाणूनच. घोडदळावर उभ्या राहिलेल्या सत्तेला ते जाणल्याशिवाय चालणारच नव्हते. शिवाजी महाराजांचे १६७३ सालचे चिपळूणजवळच्या तळावरच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आधीच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेच्या घरादाराला हात घालाल, असा त्याचा इशारा आहे. गंजीला आग लागू नये म्हणून घ्यायची काळजीही त्यात बारकाईने सांगितली आहे. वैरण नीट राखली नाही तर तिची भरपाई शेतकऱ्याच्या धान्यातून होते, हे त्या पत्राचे खरे सूत्र आहे. मराठ्यांच्या फौजेत वैरण आणायला निघणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत, आणि कही अडली की फौज अडली. पानिपतावर १७६१ च्या आधीच्या आठवड्यांत तळाची कोंडी झाली तेव्हा माणसांच्या आधी घोडी खचली होती. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची कारणे सांगताना नद्या उतरतात, वाटा वाळतात हे आपण सांगतो. त्यात एक भर घालायला हवी. आश्विनात गवत पिकलेले असते. भादव्यात फौज निघाली असती तर तिने पुढच्या वर्षाचे गवत मुळासकट खाल्ले असते. आश्विनात निघालेली फौज वाळते गवत खाते आणि ठोंब शाबूत राहते. सेनापतींनी हा विचार वनस्पतीच्या अंगाने केला होता असा माझा दावा नाही. पण मोहिमेचे पंचांग आणि गवताचे पंचांग जुळलेले होते, आणि त्याचा फायदा दोघांना झाला.

१७३१ च्या सुमारास माळव्याच्या वसुलीची वाटणी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात झाली आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले. महाकाळेश्वराचे आजचे मंदिर त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांच्या काळात पुन्हा उभे राहिले, हे यात्रेकरूंना ठाऊक असते. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन ही शिंदेशाहीची राजधानी होती. म्हणजे जवळजवळ आठ दशके इथल्या माळांवर मोठ्या घोडदळाचा भार होता. महादजींनी १७८४ पासून सेनानी डी बॉयन्याच्या हाताखाली कवायती पलटणी आणि तोफखाना उभा केला, तेव्हा त्यात बैलांची भर पडली. माळवी बैल, करड्या-पांढऱ्या रंगाचा, मध्यम बांध्याचा, काळ्या चिखलात न थकता ओढणारा, हा या गवताचाच अवतार म्हणायचा. आगर, शाजापूर, राजगढ, उज्जैन हा त्याचा मुलूख. इतकी ओझी वाहून ही गवताळ राने तगली, आणि १८६८ मध्ये मारवाडच्या कळपांना आसरा देण्याइतकी शिल्लक राहिली. मधल्या काळात उज्जैनने १८०१ ची शिंदे-होळकरांची लढाई पाहिली, पेंढाऱ्यांच्या धाडी पाहिल्या. १८१८ पर्यंतच्या त्या वर्षांना माळव्यात ‘गर्दी का वक्त’ हे नाव पडले. शेती ओस पडली. पण ओस पडलेल्या शेतात गवतच येते, आणि म्हणून माणसांच्या हालाखीचा तो काळ गवताला विश्रांतीचा गेला असावा. इतिहासात अशा जागा येतात, जिथे एकाची नोंद दुसऱ्याच्या उलट वाचावी लागते.

इथे एक जोरकस आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बीड आणि कुरण राखले ते कोणासाठी? सरकारच्या पागेसाठी, जहागीरदाराच्या घोड्यांसाठी, पुढे संस्थानिकाच्या शिकारीसाठी. गवत कापायला गावकऱ्यांना वेठीला धरले जाई, आणि त्यांचेच जनावर आत शिरले तर कोंडवाड्यात जाई. ही राखण सत्तेच्या बळावर होती आणि तिच्यात अन्याय होता. हे सगळे खरे आहे. पण यावरून राखण निरुपयोगी होती असे ठरत नाही. राखणीचा लाभ चुकीच्या हातात होता एवढेच ठरते. जे गवत जहागीरदाराने वेठीने कापून घेतले, त्याचे ठोंब जिवंत ठेवण्याची पद्धत गावाला गावासाठी वापरता आली असती, आणि अनेक चरनोईंवर ती वापरली गेलीही. अन्याय काढून टाकताना पद्धतही टाकून द्यायची, हा पुढच्या काळाचा निर्णय होता. तो न्यायातून आपोआप निघत नव्हता.

दुसरा आक्षेप १८९९ चा. संवत १९५६ मधला म्हणून ज्याला राजस्थानात आणि माळव्यात छप्पनचा काळ म्हणतात, त्या वर्षी पावसाने मारवाडबरोबर माळव्यालाही दगा दिला. तोपर्यंत माळव्यात खरा दुष्काळ पडतच नाही अशी समजूत होती. मारवाडचे कळप नेहमीच्या वाटेने आले आणि समोर आसरा नव्हता; परत जायला बळ नव्हते. जोधपूर संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २५ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती १९ लाखांच्या आसपास आली. मध्य भारत एजन्सीत, ज्यात ग्वाल्हेर आणि म्हणून उज्जैनही होते, हीच संख्या सुमारे १ कोटी ३ लाखांवरून ८६ लाखांवर घसरली. उपास, पटकी, ताप, स्थलांतर, सगळे त्यात आले. जनावरे किती गेली याला गणती नव्हती. मग गवताच्या चिवटपणाच्या सगळ्या गोष्टी खोट्या ठरल्या का? मला वाटते, त्या वर्षी जे मोडले ते नीट वेगळे करून पाहिले पाहिजे. पाऊस न आल्याने त्या वर्षीची वाढ बुडाली; हे कोणत्याही गवताने टळले नसते. पण आसऱ्याची सगळी रीत एका गृहीतावर उभी होती: मारवाड आणि माळवा एकाच वर्षी कोरडे पडणार नाहीत. ते गृहीत कोसळले तेव्हा एका मुलखाचे गवत दोन मुलखांच्या कळपांपुढे आले. शिलकीच्या गंजी हाच अशा वर्षाचा एकमेव आधार असतो, आणि गंजी साठवणे हा पागांचा शिरस्ता होता, गावांचा नव्हता. शिंद्यांची राजधानी उज्जैनहून उठून तोवर नव्वद वर्षे होत आली होती. मुंबई इलाख्यात त्या वर्षी जंगलखात्याने गवत कापून, दाबून, गठ्ठे करून रेल्वेने गुजरातकडे रवाना केले. उज्जैनलाही तोपर्यंत रेल्वे आलेली होती, भोपाळचा फाटा १८९६ मध्येच सुरू झाला होता. पण गाडीत भरायला आधी गंज लागते. मुळातली पुंजी एका ठोंबाला वाचवते. जनावराला वाचवायला कापून रचलेली पुंजी लागते. छप्पनच्या काळाने पहिलीचा पराभव केला नाही, दुसरीची उणीव उघडी केली.

त्यानंतर गवताकडे पाहण्याची दृष्टीच बदलत गेली, आणि ती बदलली हे समजायला कासाची गोष्ट पुरेशी आहे. कास म्हणजे नदीकाठचे उंच, पांढऱ्या तुऱ्यांचे गवत. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात शरद येते तीच कासफुलांचे वस्त्र नेसून. क्षिप्रेच्या काठी भादव्यानंतर आजही ते दिसते. शेत पडीक राहिले की कास त्यात घुसते, आणि एकदा घुसले की देशी नांगर त्याचे काही करू शकत नाही, कारण त्याचे कंद नांगराच्या फाळाखाली पसरलेले असतात. मध्य भारतातल्या फार मोठ्या शेतीक्षेत्रात ते पसरले होते. स्वातंत्र्यानंतर सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, युद्धात उरलेले अमेरिकी ट्रॅक्टर त्यासाठी घेतले, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेल्या दुसऱ्या कर्जाचे, १ कोटी डॉलरचे, कारणच कासग्रस्त जमिनी मोकळ्या करण्याची यंत्रे हे होते. नव्या देशाला धान्य हवे होते आणि त्या कामाला नावे ठेवणे आज सोपे आहे, म्हणून मी ठेवणार नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ट्रॅक्टर चालवायचे ते ऐन उन्हाळ्यात, नांगरायचे ते खोल, म्हणजे कंद वर येऊन चैत्र-वैशाखाच्या उन्हात करपतील. पाती कापून कास मरत नाही, त्याचा साठा उन्हात आणावा लागतो, हे त्या अभियंत्यांना पक्के कळले होते. गवताची ताकद कुठे असते हे कासाचा नाश करणाऱ्यांनी इतके अचूक ओळखले, आणि मारवेल जगवू पाहणाऱ्यांनी तेवढे ओळखले नाही.

जगवू पाहणाऱ्यांनी काय केले? १९५९ मध्ये जोधपूरला शुष्क प्रदेश संशोधनाची केंद्रीय संस्था झाली, १९६२ मध्ये झाशीला गवत आणि चारा यांची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाच्या निवडक जाती दिल्या. फुले मारवेल ०६-४० आपल्याकडच्या पशुपालकांना माहीत आहे. मारवेल परदेशातही गेले आणि टेक्सासच्या कोरड्या रानांत क्लेबर्ग ब्लूस्टेम या नावाने रुजले. हे काम मोलाचे आहे. पण त्यातून एक समज पसरली की दुष्काळ सोसणारी जात आणून लावली म्हणजे झाले, आणि हा या लेखाच्या म्हणण्यावरचा तिसरा आक्षेप आहे: चांगल्या जाती असताना जुन्या रिवाजाची गरज काय? गरज आहे, कारण निवडक जातीचे ठोंबही भादव्यातच आपली पुंजी साठवते. तिला कुंपण नसेल, पहिल्या पावसापासून तिच्यावर जनावर असेल, तर ती जातही चार वर्षांत त्याच तणांना जागा देते. याच्या उलट बाजूने पशुआहाराचे जाणकार सांगतात की बी धरेपर्यंत थांबून कापलेल्या गवतात कस उरत नाही. फुलोऱ्यानंतर प्रथिने झपाट्याने घटतात, म्हणून फुलोऱ्यात कापा. यात तथ्य आहे, आणि बागायती चाऱ्याला तो नियम लागू आहे. जिरायती कुरणाचा हिशेब वेगळा. भादव्यात कापलेले गवत पावसात वाळत नाही, कुजते. शिवाय कुरण हे रोजच्या दुधाचे साधन म्हणून राखलेले नव्हते. ती वाईट वर्षाची शिल्लक होती, आणि त्याला जोड होती ज्वारीच्या कडब्याची. बैल गवतावर जगत होता आणि कडब्यावर काम करत होता.

कडब्याची ती जोड माळव्यात गेल्या अर्धशतकात तुटली. उज्जैनच्या भारी काळ्या जमिनी पूर्वी पावसाळ्यात पुष्कळदा रिकाम्या राहत आणि त्यांत मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू निघे. हलक्या-मध्यम जमिनीत ज्वारी असे. १९७० नंतर सोयाबीन आले आणि त्याने दोन्हींची जागा घेतली. शेतकऱ्याला रोख पैसा मिळाला, तेलगिरण्या आल्या, १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले. शेतकऱ्याने चूक केली असे म्हणणारा मी कोण? पण सोयाबीनच्या काडाला जनावर तोंड लावते ते नाइलाजाने, आणि ज्वारी गेली तसा कडबा गेला. मग गवतावर सगळा भार आला तेव्हा गवताची जमीनही आकसत होती. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत गावाच्या चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद आहे. तिचे किमान प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणत शेतजमिनीच्या २ टक्क्यांवर आणले गेले, आणि मोकळी झालेली चरनोई भूमिहीन दलित-आदिवासी कुटुंबांना वाटण्याचे ठरले. भूमिहीनाला जमीन मिळणे हे न्यायाचेच आहे, त्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. माझा आक्षेप जमीन कुठून घेतली यावर आहे. ज्याच्याकडे वैरण विकत घ्यायला पैसा नाही त्याची शेळी आणि त्याची गाय चरनोईवरच जगते. वाटायला मोठ्या खातेदारांची जादा जमीन निघाली नाही म्हणून गरिबाच्या सामाईकातून गरिबाला हिस्सा दिला, आणि सरकारी नोंदीत ते रान आधीपासूनच ‘पडीक’ असल्याने गेल्याचे कोणाला जाणवलेही नाही. गवताळ रानाला पडीक म्हणण्याची ही सवय महसुलाच्या दप्तराने लावली. जे नांगरले जात नाही ते रिकामे, असा तिचा अर्थ. कौटिल्याने याच जमिनीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमायला सांगितले होते.

रिकाम्या म्हटलेल्या या रानात काय असते ते उज्जैनच्याच विक्रम विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मोजून पाहिले. उज्जैन आणि रतलाम भागातल्या गवताळ तुकड्यांवर महिन्यामागून महिना गवत कापून, मुळे खणून, वाळवून, वजने करून वर किती आणि खाली किती याचे हिशेब त्यांनी मांडले. ऋतूबरोबर वरचा भार खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो, ही भादव्याची चाल अशा मोजणीत आकड्यांतून दिसते. माळव्यातल्या गुराख्याला ती आकड्यांवाचून ठाऊक होती. मोजणारे आणि राखणारे एकमेकांना भेटले असते तर चरनोईच्या कायद्यात टक्केवारीच्या शेजारी एक महिनाही लिहिला गेला असता: अमुक इतकी जमीन, आणि भादवा संपेपर्यंत बंद.

बीड अजून पुरते गेलेले नाही. उज्जैनच्या पश्चिमेला, रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे जुन्या संस्थानच्या गवताळ रानाचा एक भाग १९८३ पासून पक्ष्यासाठी राखलेला आहे. पक्षी म्हणजे खरमोर. मराठीत त्याला तणमोर म्हणतात. विणीसाठी तो पावसाळ्यात येतो, गुडघाभर उंच गवत त्याला लागते, आणि त्या गवतातून नर उभी झेप घेऊन पुन्हा त्यातच उतरतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावे म्हणून. चरून आखूड झालेल्या रानात तो थांबत नाही, आणि नांगरलेल्या रानात त्याला लपायला जागा नाही. त्याची संख्या आता अगदी थोडी उरली आहे. तो जिथे अजून उतरतो ते रान पावसाळाभर बंद असते, आणि म्हणून तिथे शेडा आहे. पाऊस सरला, पिल्ले उडाली, गवत पिवळे पडले, की मग विळे आत जातात.